मूठ सोडल्यावर

"बाबा, मी हात ढिला सोडला तरी गाडी ओढत राहते," हेल्मेट काढता काढता धाकटी म्हणाली.

"ओढत राहते म्हणजे?"

"रेस उतरत नाही. म्हणजे उतरते, पण उशिरा. दोन दिवस मला वाटलं, माझंच काही चुकतंय."

तिला लायसन्स मिळून तीन महिने झाले होते. गाडी माझी. चौदा वर्षं मी ती चालवतोय, त्या दिवशी सकाळीही चालवली होती, आणि मला असं काहीच जाणवलं नव्हतं. मी गाडी स्टँडवर घेतली, चालू केली, मूठ पिळली, सोडली. रेस चढली, रेस उतरली. मी तिच्याकडे पाहिलं.

"सोडलीस कुठे?" ती म्हणाली. "तू ती फिरवून परत आणलीस."

मी पुन्हा पिळली आणि या वेळी मुद्दाम पंजा उघडून हात बाजूला घेतला. मूठ तिथेच राहिली. इंजिन चढ्या आवाजात चालूच. मग ती सुस्तपणे मागे सरकली, मध्ये एकदा थबकली आणि त्यानंतर कुठे जागेवर आली.

त्या रात्री किल्ली मी माझ्याजवळ ठेवली. झोप लवकर आली नाही. मुठीपासून इंजिनकडे जाणारी केबल अडकते, यात नवल काही नाही. छळत होतं ते वेगळंच: माझ्या हाताला हे कळलं होतं आणि मला कळलं नव्हतं. मनगटाने कधीतरी, मला न विचारता, मूठ सोडायचं बंद करून ती उलटी फिरवायला सुरुवात केली होती. घर्षण कणाकणाने वाढत गेलं असणार आणि मनगटही कणाकणाने जास्त वळत गेलं असणार. दोघांचं जमून गेलं होतं. धाकटीचा हात नवा होता. शिकवताना मीच तिला सांगितलं होतं, "मूठ नुसती सोड, ती आपोआप मागे येते." तिने ते खरं मानलं होतं.

रेस चढणं आणि रेस उतरणं ही एकाच कामाची दोन टोकं वाटतात, पण ती दोन वेगळ्या धन्यांची कामं आहेत. चढवतो हात. हाताच्या मागे अख्ख्या दंडाचं बळ असतं. केबल थोडी जड झाली तर तो थोडा जास्त जोर लावतो आणि विसरून जातो. उतरवते ती कार्बोरेटरवरची एक लहानशी स्प्रिंग. ती मुद्दामच हलकी ठेवलेली असते, नाहीतर दहा किलोमीटरमध्ये मनगट भरून येईल. तेवढ्या जोरावर तिला इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप मिटवायची असते, सबंध केबल तिच्या म्यानातून मागे ओढायची असते आणि वर मूठही फिरवायची असते. घर्षण वाढलं की पहिली हरते ती स्प्रिंग. हाताला पत्ता लागेपर्यंत ती कधीच हरलेली असते.

मोटारसायकलींच्या सुरुवातीच्या काळात अनेक गाड्यांच्या हँडलवर पिळायच्या मुठीऐवजी छोटे लीव्हर असत, आणि लीव्हर जिथे ठेवाल तिथेच राही. रेस कमी करायची तर तीही हातानेच. आज तसं कोणी करणार नाही. हात सुटला, माणूस पडला, घाबरून बोटं उघडली, तर गाडीने स्वतःहून शांत व्हावं, हे आपण आता गृहीतच धरतो. ते गृहीत त्या एका स्प्रिंगवर उभं आहे. म्हणूनच बऱ्याच गाड्यांना दोन केबल असतात: एक उघडणारी, एक मिटवणारी. स्प्रिंग कमी पडली तर मूठ उलटी फिरवून झडप ओढून मिटवता यावी, यासाठी ती दुसरी केबल. माझ्या गाडीला ती होती. माझं मनगट रोज तिच्यावरच चाललं होतं. अडीअडचणीसाठी ठेवलेली गोष्ट मी रोजच्या वापरात काढली होती, म्हणूनच दुखणं लपलं.

रविवारी सकाळी कामाला बसलो. धाकटीला म्हटलं, "तूही ये. तुलाच आधी कळलंय."

केबलचा संशय आला तरी थेट केबलला हात घालू नये, असं माझं मत आहे. मूठ, केबल आणि कार्बोरेटर अशी ही तिघांची साखळी. एकेकाला वेगळं करून विचारावं लागतं. मूठ अनेकदा निर्दोष दिसते आणि तीच चोर निघते. तिचं रबर आत सरकून हँडलच्या टोकाच्या वजनाला घासतं, किंवा आतल्या प्लॅस्टिकच्या नळीखाली धूळ आणि जुनं ग्रीस मिळून डिंकासारखा थर बसतो. गाडी कधी उजव्या अंगावर पडली असेल तर हँडल किंचित वाकतं आणि नळी एकाच ठिकाणी धरते. आम्ही मुठीच्या पेटीचे दोन स्क्रू काढले, केबलची निप्पलं, म्हणजे तारेच्या टोकांच्या धातूच्या गोळ्या, खाचेतून सोडवली आणि मोकळी मूठ फिरवून पाहिली. गुळगुळीत. तरी काढलीच आहे म्हणून हँडलची नळी पुसून घेतली. फडकं काळं झालं.

मग टाकी उतरवली. कार्बोरेटरच्या बाजूने केबल सोडवल्या आणि जिच्यात केबल अडकवतात ती छोटी चकती धाकटीला बोटाने फिरवायला सांगितली. तिने फिरवून सोडली. टक्. पुन्हा टक्. तो आवाज ऐकून तिचे डोळे चमकले, कारण गेले काही दिवस तिने तो ऐकलाच नव्हता. स्प्रिंग ठणठणीत होती, झडप मोकळी होती. राहिल्या केबल.

इथे एक मोह होतो, त्याबद्दल सांगायला हवं. अशा वेळी काही जण स्प्रिंगच जास्त ताठ घालतात. मूठ परत येऊ लागते आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण घर्षण तिथेच असतं, वाढतही असतं. आता त्याला लपायला आणखी जागा मिळालेली असते. शिवाय मनगट दुखतं ते वेगळंच. मला हा उपाय अजिबात मान्य नाही.

दोन्ही केबल अजून गाडीवर आपापल्या वाटेनेच होत्या. मी एका टोकाला बसलो, ती दुसऱ्या. आतली तार एकेकाने हळूच ओढायची आणि कुठे धरते ते बोटांनी ऐकायचं. मिटवणारी सरळ आली. उघडणारी येताना एका ठिकाणी खरखरली, जशी वाळूवरून दोरी ओढावी तशी. ती जागा शोधत आम्ही केबलवरून हात फिरवत गेलो आणि टाकीखाली, हँडलच्या दांड्याच्या मागे थांबलो. तिथे केबल फ्रेमच्या एका पट्टीखालून जायला हवी होती. ती पट्टीवरून गेली होती. म्हणजे मागे कधीतरी टाकी काढून बसवताना ती उचलली गेली होती, आणि टाकीच्या वजनाखाली दबून तिथे एक जादा वळण पडलं होतं. ते वळण जन्मजात नव्हतं. कोणाच्या तरी घाईने आलेलं होतं. टाकी शेवटची मीच काढली होती, बहुतेक एअर फिल्टरच्या वेळी.

एका वळणाने एवढा फरक कसा पडतो, हे मला त्या दिवशी तिला समजावून सांगता आलं याचा आनंद अजून आहे. केबलची लांबी फारशी आड येत नाही. सरळ म्यानातून सरळ तार हवी तेवढी लांब न्या. तार भिंतीला टेकतच नाही, मग घासणार कशाला? आड येतात ती वळणं. वळणावर ताणलेली तार आतल्या बाजूच्या भिंतीवर दाबली जाते आणि घासते. हे घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. खुंटाला दोर गुंडाळून एवढी मोठी नाव एका हाताने धरून ठेवता येते, त्यामागचा नियम तोच. म्यान स्वच्छ असेल आणि घर्षणगुणांक, म्हणजे किती घासतं ते सांगणारा आकडा, ०.१ धरला, तर सगळी वळणं मिळून १८० अंश होईपर्यंत एका टोकाला साधारण १.४ पट जोर लावावा लागतो. तेच म्यान धुळीने भरून गुणांक ०.३ झाला, तर त्याच १८० अंशांना अडीच पटीहून जास्त. आणि वळणांची बेरीज ३६० अंशांवर गेली, तर साडेसहा पट. धूळ आणि वळण ही दोन कारणं एकमेकांत मिसळली की अशी वाढतात. म्हणून केबलची वाट हा मला दुरुस्तीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, तेलाहून कितीतरी महत्त्वाचा. उंच हँडल बसवलं, केबल ताणली गेली. वायरी बांधायच्या प्लॅस्टिक पट्टीने केबल करकचून आवळली. गरम इंजिनला टेकून वरचं आवरण वितळलं. यातलं काहीच तेलाने बरं होत नाही.

या केबलला बोडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन या माणसाने १८९६ मध्ये तिचं ब्रिटिश पेटंट घेतलं. पुष्कळ ठिकाणी तिचं श्रेय रॅले सायकल कंपनीच्या फ्रँक बोडेनला दिलेलं आढळतं. नुसत्या आडनावाच्या सारखेपणातून झालेला हा गोंधळ आहे. अर्नेस्टची कल्पना ऐकायला इतकी सोपी आहे, की ती आधी कोणाला कशी सुचली नाही असं वाटावं. आत ओढायची तार, बाहेर तिला म्यान. तार जेवढ्या जोराने ओढली जाते, तेवढ्याच जोराने म्यान दोन टोकांमध्ये दाबलं जातं. म्हणून ते म्यान नुसती नळी असून चालत नाही. पोलादी तारेचं घट्ट वेटोळं असावं लागतं, वाकेल पण दबणार नाही असं. त्याच्या आधी ओढ पोचवायची तर दांडे, कप्प्या, सांधे लागत, आणि प्रत्येक वळणाला एक सांधा. बोडेनच्या केबलने ओढीला वाकडं जायला शिकवलं. ब्रेक, क्लच, थ्रॉटल (म्हणजे रेस), सगळं त्यावर आलं. यामाहाने २००६ च्या वायझेडएफ-आर६ वर थ्रॉटलची झडप विजेच्या मोटरने उघडायला घेतली, तेव्हाही मुठीपासून सेन्सरपर्यंत केबल होतीच. हाताला कळेल अशी ओढ सहजासहजी सुटत नाही.

आता माझ्या बोटाबद्दल. हे सांगायचं की नाही यावर मी बराच विचार केला, पण दोन्ही गोष्टी माझ्या आयुष्यात एकाच महिन्यात आल्या आणि मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

उजव्या हाताची अनामिका सकाळी उठल्यावर मिटलेलीच राहायची. उघडायला जावं तर उघडायची नाही, मग डाव्या हाताने धरून सरळ केली की कट्‌ करून सुटायची. दिवसभर बरी. मी दोन महिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. डाव्या हाताने उघडायची सवय झाली होती. डॉक्टरांनी तळहातावर, बोटाच्या मुळाशी अंगठा दाबला आणि मी कळवळलो. त्यांनी समजावलं ते असं: बोटं मिटवणारे जोरकस स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात. तिथून कंडरा निघतात, मनगटातून जातात आणि बोटात म्यानातून शिरतात. म्यानावर ठिकठिकाणी कडी असतात, कंडरा हाडापासून सुटू नये म्हणून. बोटाच्या मुळाशी असलेल्या पहिल्या कड्याशी कंडरा सुजून तिथे गाठ बसली की ती मिटताना आत ओढली जाते आणि परतताना अडते. मिटवणारे स्नायू दांडगे, उघडणारे त्यांच्या मानाने हलके. म्हणून बोट मिटतं आणि मिटलेलंच राहतं.

मी त्यांच्यासमोर बसून केबलचाच विचार करत होतो. म्यान, तार, एका वळणावरचा अडथळा. ओढणारा बलवान, परत आणणारा हलका. आणि मदतीला आलेला दुसरा हात, ज्याने दुखणं दोन महिने झाकून ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं, "डाव्या हाताने उघडायला कधीपासून लागलात?" मला सांगता आलं नाही. मनगट कधीपासून मूठ परत फिरवत होतं, तेही मला सांगता आलं नव्हतं.

तर केबल. आम्ही ती गाडीवरून काढली आणि आधी तेल पाजायचं ठरवलं. यासाठी छोटा चिमटा मिळतो. तो म्यानाच्या तोंडावर आवळून स्प्रेची नळी त्यात घालायची. पण मला जुनी पद्धत आवडते. केबल खुंटीला उभी टांगायची, वरच्या तोंडाभोवती प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा घट्ट बांधून त्याचं नरसाळं करायचं, त्यात पातळ तेल ओतायचं आणि रात्रभर विसरून जायचं. खाली फडकं. मधूनमधून तार वरखाली केली की तेल वाट काढत उतरतं. ग्रीस मात्र नको. ते थंडीत घट्ट होतं आणि बारा महिने धूळ धरून ठेवतं. काही नव्या केबलच्या आत घसरट प्लॅस्टिकचं अस्तर असतं आणि त्यांना तेल देऊ नका असं मॅन्युअल सांगतं. तिथे मॅन्युअलचंच ऐकावं. सहा महिन्यांपूर्वी मी मुठीपाशी नुसताच स्प्रेचा एक फवारा मारला होता. त्याने चार दिवस बरं वाटलं असेल, आणि तोंडावरची धूळ आत गेली असेल.

सकाळी फडक्यावर तांबूस काळा डाग पसरला होता. तार आता सुळकन येत होती. मला खरोखर वाटलं, जमलं. मग धाकटीने कोरडं फडकं घेऊन उघडी तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसली आणि निप्पलजवळ ते अडकलं. फडक्याचा एक धागा ओढला गेला. भिंग आणून पाहिलं: तारेच्या पिळातला एक पदर तुटून काट्यासारखा बाहेर आला होता. मी एका पदराचं काय असं म्हणणार होतो. एक पदर तुटला की त्याचा भार बाकीच्यांवर जातो आणि ते लवकर तुटतात, हे खरं. पण मोठं संकट आणखी वेगळं आहे. ते तुटलेलं टोक म्यानात शिरलं आणि वेटोळ्यात रुतलं, तर झडप उघडी असतानाच केबल जागच्या जागी खिळते. तिथे ना स्प्रिंग चालते, ना तेल.

तेव्हा केबल बदलली. दोन्ही बदलल्या, कारण दुसरीही तितकीच जुनी होती. जुनी वाचवता आली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं, हेही खरं आहे.

नवी बसवायला अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं वाटेत गेली. पट्टीखालून, दांड्याला वळसा घालून, कुठेही कोन न पडता. मग सैलपणा. दोन केबल असल्या की आधी मूठ पूर्ण मिटवून मिटवणारीचा ढिलेपणा काढायचा, नंतर उघडणारीचा. बहुतेक मॅन्युअलमध्ये मुठीच्या कडेला २ ते ६ मिलिमीटरच्या दरम्यान मोकळं फिरणं सांगितलेलं असतं. प्रत्येक गाडीचा आकडा आपला आपला. ते मोकळं फिरणं नको वाटतं, मूठ सैल वाटते, म्हणून लोक ते काढून टाकतात. ठेवावं. हँडल वळलं की केबल किंचित ताणली जाते, तो ताण या सैलपणात जिरतो. लॉकनट आवळून इंजिन चालू केलं, हँडल पार डावीकडे नेलं, पार उजवीकडे नेलं. रेस जरासुद्धा हलली नाही. बंद इंजिनवर तीनही जागी मूठ पिळून पंजा उघडला. टक्. टक्. टक्.

मग मी धाकटीला गाडीवर बसवलं आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा करून घेतली. समजा, रेस अडकली. डावा हात क्लच दाबेल, उजवा अंगठा इंजिन बंद करणारं लाल बटण दाबेल. इंजिन किंचाळेल, किंचाळू दे. मागचं चाक सुटलेलं आहे. किल्ली शोधायला खाली बघायचं नाही. दहा वेळा केलं. दहाव्या वेळी तिने डोळे मिटून केलं आणि अंगठा बरोबर बटणावर गेला. शिकवताना पहिल्याच दिवशी मी हे शिकवायला हवं होतं. तेव्हा मी तिला मूठ कशी सोडायची एवढंच सांगितलं होतं. ती परत आली नाही तर काय, हे सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी जुनी केबल टाकायला निघालो तर ती म्हणाली, "थांब, आत काय असतं ते बघू." माझ्या बोटाला आता पट्टी बांधलेली होती, रात्री ते सरळ राहावं म्हणून, त्यामुळे करवत तिनेच धरली. खरखर येत होती तिथेच, त्या दबलेल्या वळणावर, तिने केबल लांबीच्या दिशेने हळूहळू कापली. वरचं काळं आवरण, मग पोलादी वेटोळं, मग आतलं पांढरट अस्तर. अस्तरात, वळणाच्या आतल्या अंगाला, तारेने एक खाच पाडली होती. तळाला वेटोळ्याचं पोलाद दिसत होतं. तिथे तार प्लॅस्टिकवर चालत नव्हती, पोलादावर पोलाद घासत होतं.

तिने आणखी दोन ठिकाणी कापून पाहिलं. बाकी सगळं अस्तर नव्यासारखं होतं.

खाचेवर तिने नख ठेवलं. खाच नखाएवढीच होती.

"एवढंसंच?" ती म्हणाली.

"एवढंसंच," मी म्हटलं.